विदर्भाच्या उन्हाळ्यात घर गार ठेवायचे तर: गच्चीपासून एसीपर्यंत कामांचा क्रम

नागपूर, अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरी या पट्ट्यात एप्रिलच्या अखेरीस पारा ४३-४४ अंशांवर जाऊन बसतो आणि मृगाच्या सरी येईपर्यंत तो फारसा खाली उतरत नाही. दुपार असह्य झाली की बहुतेक घरांत आधी कूलर बाहेर निघतो, तो पुरेनासा झाला की एसीची चौकशी सुरू होते, आणि मे महिन्याचे बिल हाती आले की काटकसरीचा विचार होतो. घर मुळात तापते कुठून, हा प्रश्न या सगळ्या घाईत बाजूलाच राहतो. नागपुरात वरच्या मजल्यावर, थेट स्लॅबखालच्या खोल्यांत, मी अनेक उन्हाळे काढले आहेत आणि त्या अनुभवावरून मी खात्रीने सांगते की, कामांचा क्रम बदलला तर घरही गार राहते आणि बिलही आटोक्यात येते. ऊन घराबाहेरच अडवावे, तरीही आत शिरलेली उष्णता रात्री बाहेर काढावी, त्यानंतर पंख्याचा आणि कूलरचा विचार करावा आणि एसीकडे सर्वांत शेवटी वळावे. पुढची मांडणी याच क्रमाने केली आहे. येथील उन्हाळा कोरडा असतो, हे लक्षात ठेवून हा लेख वाचावा. कोकण, मुंबई किंवा गोव्याच्या दमट हवेत सावली, चुना आणि पंखा यांचा उपयोग तितकाच होतो. कूलरचा मात्र होत नाही.

ऊन कोणत्या बाजूने येते ते आधी पाहा

नागपूर सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली तिच्या पायाशीच विरून जाते आणि त्याच सुमारास नवतपाही (सर्वांत कडक उन्हाचे नऊ दिवस) सुरू होतो. याचा घराच्या दृष्टीने अर्थ असा की, ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जवळजवळ पडतच नाही. दक्षिणेचे ऊन हिवाळ्यातले असते. मे महिन्यात सर्वांत जास्त तापते ती गच्ची, त्याखालोखाल दुपारनंतर पश्चिमेची भिंत आणि सकाळी पूर्वेची. दक्षिणेच्या खिडकीला जाड पडदे लावून पश्चिमेची खिडकी तशीच उघडी सोडलेली घरे मी पुष्कळ पाहिली आहेत. तेथे पैसाही चुकीच्या जागी जातो आणि श्रमही.

म्हणून खर्च करण्यापूर्वी मार्च-एप्रिलमधला एक दिवस केवळ निरीक्षणाला द्यावा. सकाळी नऊ वाजता, दुपारी एक वाजता आणि संध्याकाळी पाच वाजता प्रत्येक खोलीच्या बाहेरच्या भिंतींना आतून हात लावून पाहावा आणि कोणती भिंत केव्हा तापते ते लिहून ठेवावे. रात्री नऊ-दहा वाजता स्टुलावर उभे राहून छताला तळहात लावावा. बाहेर वारा गार झालेला असताना छत मात्र नुकत्याच उतरवलेल्या तव्याच्या कडेसारखे उबदार लागते, कारण दिवसभर शोषलेली उष्णता काँक्रीटचा स्लॅब काही तासांनी खाली सोडतो. ‘पंखा गरम हवा फेकतो’ ही रात्रीची तक्रार असते ती याचमुळे. पंखा छताला चिकटलेली तापलेली हवाच खाली ढकलत असतो.

पहिले काम गच्चीचे

वरचा मजला किंवा एकमजली घर असेल, तर गच्ची पांढरी करण्याइतका स्वस्त आणि गुणकारी उपाय दुसरा नाही. काळपट पडलेले काँक्रीट अंगावर पडणाऱ्या उन्हाचा बहुतांश भाग पिऊन घेते, तर ताजा पांढरा चुना त्यातला बराचसा भाग परत फेकतो. अहमदाबाद महापालिकेने २०१३ मध्ये उष्णतेपासून बचावाचा कृती आराखडा केला आणि पुढे वस्त्यांमधील छते पांढरी करण्याचे काम हाती घेतले. तेलंगणाने २०२३ मध्ये शीतल छतांसाठी स्वतंत्र धोरणच आणले. आपल्याकडे मात्र हे काम अजून ज्याच्या त्याच्या इच्छेवर सोडलेले आहे, याचे मला वाईट वाटते.

हे काम फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चमध्ये करावे, म्हणजे संपूर्ण उन्हाळाभर त्याचा उपयोग होतो. आधी गच्ची खराट्याने आणि मग तारेच्या ब्रशने घासून शेवाळ, माती आणि जुने सुटे पोपडे काढून टाकावेत. भेगा असतील तर त्या पांढऱ्या सिमेंटने किंवा वॉटरप्रूफिंगच्या साहित्याने भरून त्यांना दोन दिवस पाणी द्यावे, कारण चुना गळती थांबवत नाही. कळीचा चुना घेतला असल्यास तो लोखंडी ड्रममध्ये आदल्या दिवशी विरवावा. पाण्यात टाकताच तो उकळतो आणि त्याचे शिंतोडे डोळ्यांत गेल्यास कायमची इजा होऊ शकते, म्हणून चष्मा आणि रबरी हातमोजे घालावेत, चुना थोडा थोडा टाकावा आणि मुलांना गच्चीवर येऊ देऊ नये. हे जमणार नसेल तर विरवलेल्या चुन्याची तयार पावडर घ्यावी.

आमच्या साधारण ८०० चौरस फुटांच्या गच्चीला दोन हातांसाठी २० किलो चुना आणि १०० लिटरच्या आसपास पाणी लागते. विरवलेला चुना गाळून त्यात पांढरा डिंक किंवा फेविकॉल मिसळतो, म्हणजे पायाला कमी लागतो आणि लवकर उडत नाही. पहिला हात संध्याकाळी, स्लॅबवर पाण्याचा हलका शिडकावा करून द्यावा. भर उन्हात दिलेला चुना धरण्याआधीच वाळतो आणि भुकटी होऊन उडतो. दुसरा हात दुसऱ्या संध्याकाळी आडव्या दिशेने द्यावा.

पहिल्या वर्षी आमचा चुना अर्ध्या गच्चीवरच संपला आणि उरलेले काम दुसऱ्या दिवसावर गेले. दुपारी दोन वाजता वाळवण पाहायला मी अनवाणी वर गेले, तेव्हा पांढऱ्या बाजूवर उभे राहून सांडग्यांचे ताट सावकाश फिरवता आले. काळ्या बाजूवर पाऊल टाकताच ते उचलावे लागले. त्या दिवसापासून आमच्या घरात चुन्याबद्दल कोणालाही काही पटवून द्यावे लागलेले नाही.

चुना पावसात धुऊन जातो, त्यामुळे हे दरवर्षीचे काम आहे. ते नको असेल तर बाजारात मिळणारा उष्णता परावर्तित करणारा पांढरा रंग काही वर्षे टिकतो, आणि पांढऱ्या चिनी मोझॅकचे तुकडे बसवले तर त्याहून अधिक. खर्च त्या प्रमाणात वाढत जातो. मात्र यापैकी काहीही केले तरी त्यावर धूळ साचू देऊ नये. मळलेला पांढरा रंग फार काळ पांढऱ्याचे काम करत नाही. एप्रिलमध्ये एकदा आणि नवतप्याच्या आधी एकदा गच्ची झाडून घ्यावी.

टिनाच्या छतावर चुना नीट धरत नाही, तेथे पत्र्यासाठीचा पांढरा परावर्तक रंगच द्यावा. त्याखाली बांबूच्या ताट्यांचे किंवा जिप्समचे छत घेताना पत्रा आणि छत यांच्यात किमान एक फूट पोकळी ठेवावी आणि तिच्या दोन्ही टोकांना जाळी लावून हवा खेळती ठेवावी. थर्माकोल वापरू नये; तो पटकन पेट घेतो. घरावर अजून कवेलू (मातीची कौले) असतील तर ते काढून टिन टाकण्याआधी दहा वेळा विचार करावा. कवेलूंच्या फटींतून गरम हवा आपोआप वर निघून जाते, आणि हा गुण टिनाला कोणत्याही रंगाने येत नाही.

गच्चीवर हिरवी जाळी लावणार असाल तर ती स्लॅबवर अंथरू नये. बांबू किंवा पाइप रोवून सहा-सात फुटांवर ताणावी, म्हणजे खालून वारा वाहतो. वाऱ्यावादळाचा मारा लक्षात घेऊन दोऱ्या घट्ट बांधाव्यात, कारण मे महिन्यातल्या वावटळीत अशी जाळी विजेच्या तारांवर जाऊन पडते. सौर पॅनेल बसवायचे असतील तर उंच सांगाड्यावर बसवून घ्यावेत. त्यांच्या सावलीमुळे स्लॅबही कमी तापतो. प्रधानमंत्री सूर्यघर योजना २०२४ मध्ये सुरू झाली आणि तिच्यात २ किलोवॅटपर्यंत प्रति किलोवॅट ३०,००० रुपये, तर ३ किलोवॅट किंवा त्याहून अधिक क्षमतेला एकूण ७८,००० रुपये असे केंद्राचे अनुदान ठरले. १ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट मोकळी जागा लागते आणि दिवसाला सरासरी ४ युनिटच्या आसपास वीज मिळते.

गच्चीवर पाणी शिंपडण्याबद्दल नेहमी विचारले जाते. १ लिटर पाण्याची वाफ होताना ते सुमारे ०.६७ युनिट विजेइतकी उष्णता शोषून घेते, म्हणून उपाय शास्त्रशुद्धच आहे. परंतु तापलेल्या उघड्या स्लॅबवर बादल्या ओतल्या तर बहुतेक पाणी पन्हाळीतून वाहून जाते आणि कामी येत नाही. करायचेच असेल तर जुनी पोती अंथरून ती ओली ठेवावीत आणि त्यासाठी कपडे विसळल्याचे पाणी वापरावे. ज्या मोहल्ल्यात नळ एक दिवसाआड येतो, तेथे पिण्याचे पाणी गच्चीवर ओतणे मला योग्य वाटत नाही.

मग पश्चिमेची बाजू

चार फूट बाय चार फुटांच्या खिडकीचे क्षेत्रफळ जवळपास दीड चौरस मीटर होते. मे महिन्यात दुपारी चारच्या सुमारास पश्चिमेच्या उभ्या काचेवर प्रति चौरस मीटर ५००-६०० वॅट इतके ऊन पडते आणि साधी काच त्यातले बहुतेक आत सोडते. म्हणजे खोलीत दुपारभर एक इस्त्री चालू ठेवल्यासारखेच झाले. आतून कितीही जाड पडदा लावला तरी काच ओलांडून आलेली उष्णता पडद्यात आणि खोलीतच राहते. म्हणून आडोसा काचेच्या बाहेर हवा. सज्ज्याखाली बांबूची चिक, ताडपत्रीचा गुंडाळता येणारा पडदा, किंवा लोखंडी चौकटीवर ताणलेली जाळी, यांपैकी काहीही चालते. आडोसा आणि काच यांत वीतभर अंतर सोडावे. पश्चिमेला सज्जा असूनही ऊन आत येते, कारण त्या वेळी सूर्य खाली उतरलेला असतो आणि किरणे तिरपी येतात. तेथे आडवी नव्हे, उभी सावली लागते.

भाड्याच्या घरात भिंतीला खिळा ठोकता येत नसेल, तर खिडकीच्या गजांना दोरीने बांधलेली चिकही पुरते. स्वतःचे अंगण असेल तर वेलीसारखी सावली नाही. एप्रिलमध्ये सावली हवी असेल तर दोडका किंवा कारल्याचे बी जानेवारीच्या अखेरीस लावावे आणि वेल सुतळीच्या जाळ्यावर चढवावा. मधुमालती एकदा धरली की वर्षानुवर्षे टिकते. झाड लावायचे तर पश्चिमेला, भिंतीपासून पुरेशा अंतरावर, कडुनिंब लावावा. त्याची पानगळ उन्हाळ्याच्या तोंडावर होते आणि उन्हे कडक होईपर्यंत नवी पालवी दाट झालेली असते.

उघडणे आणि मिटणे यांचे वेळापत्रक

उन्हाळ्यात हवा खेळती असावी म्हणून दिवसभर खिडक्या उघड्या ठेवणे ही आपल्याकडची सर्वांत महागात पडणारी सवय आहे. बाहेर ४४ अंश असताना उघडी खिडकी घरात लू आणते. बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार असेल तेवढाच वेळ खिडक्या उघड्या असाव्यात. विदर्भात ही वेळ साधारण रात्री आठ-नऊपासून सकाळी साडेसात-आठपर्यंतची असते. अंदाजावर विसंबण्यापेक्षा दोन साधे थर्मामीटर घ्यावेत, एक आत आणि एक बाहेर सावलीत टांगावा. बाहेरचा पारा आतल्याच्या खाली गेला की दारे-खिडक्या उघडाव्यात आणि वर चढू लागला की सगळे मिटून घ्यावे.

रात्री समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडल्या तर वारा आरपार जातो. एकाच बाजूला खिडक्या असतील तर टेबलफॅन खिडकीत बाहेरच्या दिशेने तोंड करून ठेवावा. तो आतली गरम हवा बाहेर फेकतो आणि दुसऱ्या फटींमधून गार हवा आत ओढली जाते. जिन्याचे गच्चीवरचे दार जाळीचे करून घेतले, तर गरम हवा वर निघून जाते आणि खालच्या खोल्यांत वारा सुरू होतो. डासांसाठी जाळ्या नसतील तर हे सगळे कागदावरच राहील, म्हणून एसीच्या आधी जाळ्यांवर खर्च करावा.

दिवसा घरात नव्याने उष्णता निर्माण होऊ न देणे, हा याच वेळापत्रकाचा भाग समजावा. पोळ्या आणि भाजी सकाळी आठच्या आत उरकावी, डाळ-तांदूळ कुकरमध्येच शिजवावेत, गॅस पेटलेला असेपर्यंत स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन चालू ठेवावा. पापड-कुरडयांचा चीक शिजवायचा असेल तर चूल अंगणात मांडावी. फ्रिज भिंतीला टेकवू नये; मागे वीतभर जागा सोडली नाही तर त्याची उष्णता तेथेच कोंडते आणि तो अधिक वेळ चालतो. पाण्यासाठी माठ वापरल्यास फ्रिजचे दार दिवसातून कितीतरी वेळा उघडण्याचे वाचते. माठ वाऱ्याच्या वाटेवर, सावलीत ठेवावा आणि दरवर्षी नवा घ्यावा, कारण जुन्याची छिद्रे पाण्यातील क्षारांनी बुजतात आणि पाणी पाझरणे थांबते.

पंखा

पंख्याने खोली गार होत नाही, अंगावरचा घाम वाळल्यामुळे आपल्याला गार वाटते. म्हणून रिकाम्या खोलीतला पंखा बंद करावा. साधा छताचा पंखा ७५ वॅटच्या आसपास वीज घेतो, तर बीएलडीसी मोटरचा (ब्रशविना, कमी विजेवर चालणाऱ्या मोटरचा) पंखा तेवढाच वारा ३० वॅटच्या आसपास देतो. दिवसाला १८ तास धरले तर साधा पंखा महिन्याला ४० युनिट घेतो आणि बीएलडीसी १६. सर्व पंखे एकदम बदलू नयेत. ज्या खोलीत आपण सर्वाधिक वेळ असतो तेथून सुरुवात करावी. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर स्टारचे लेबल सक्तीचे आहे, ते पाहूनच खरेदी करावी.

एक गोष्ट विशेष काळजीने सांगावीशी वाटते. खोलीतली हवाच ४० अंशांच्या वर गेली असेल, तर नुसता पंखा म्हाताऱ्या माणसांना आणि तान्ह्या मुलांना उपयोगी पडत नाही, उलट गरम वाऱ्याने शरीर अधिक तापते. अशा दुपारी त्यांना घरातल्या सर्वांत गार, शक्यतो तळमजल्यावरच्या, खोलीत न्यावे, अंग ओल्या फडक्याने वरचेवर पुसावे, पाणी आणि ताक देत राहावे. अंग भट्टीसारखे तापले आणि माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा ग्लानीत गेला, तर तो उष्माघात आहे असे समजून लगेच अंगावर पाणी मारावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

कूलर: येथे नेमके काय चुकते

थर्मामीटरच्या टोकाला ओले फडके गुंडाळून वारा घातला तर पारा एका मर्यादेपर्यंत खाली उतरतो. बाहेर ४४ अंश आणि हवेत १५ टक्के आर्द्रता असेल तर तो २३ अंशांच्या आसपास थांबतो. चांगला कूलर या दोन तापमानांमधल्या अंतराचा तीन-चतुर्थांश भाग कापतो, म्हणजे ४४ अंशांची हवा २८ अंशांच्या जवळ आणतो, आणि तेही २०० वॅटच्या आसपास विजेवर. मुंबईत ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असते तेव्हा हेच अंतर जेमतेम सहा अंशांचे उरते. त्यात कूलर लावला तर खोली फक्त चिकट होते. विदर्भाला निसर्गाने दिलेली ही सोय आहे आणि ती नीट वापरली तर बहुतेक घरांना एसीची गरज पडू नये.

सर्वांत मोठी चूक म्हणजे कूलर लावून खोली बंद करणे. कूलर बाहेरची हवा ओली करून आत ढकलतो. ती बाहेर पडायला वाट नसेल तर खोलीतली आर्द्रता वाढत जाते आणि तासाभरात घाम फुटतो. म्हणून कूलरच्या समोरच्या बाजूची खिडकी किंवा दार उघडे असावे आणि ही वाट कूलरच्या तोंडाएवढी तरी असावी. तपासायची रीत सोपी आहे. वर्तमानपत्राची बोटभर रुंद पट्टी फाडून ती उघड्या खिडकीपाशी धरावी. ती बाहेरच्या बाजूला ठसठशीत झुकली तर वाट पुरेशी आहे, आणि लटकून राहिली तर आणखी एक झडप उघडावी. गारवा शेजारच्या खोलीत न्यायचा असेल तर या खोलीची खिडकी बंद करून मधले दार आणि त्या खोलीची खिडकी उघडावी. हवा आपण दाखवू त्या वाटेने जाते. खोलीच्या आत ठेवलेला कूलर तीच ती ओली हवा फिरवत राहतो. त्याची पाठ खिडकीबाहेर किंवा निदान उघड्या खिडकीला लागून हवी, आणि बाहेरच्या कूलरवर सावलीही हवी.

कूलरच्या जाळीत भरायला बाजारात खस म्हणून जी मिळते ती बहुधा लाकडाची तारांसारखी बारीक कातरण असते. खरा वाळा वेगळा, सुगंधी आणि महाग. कातरणीची खस दर हंगामात बदलावी. बसवताना ती सर्वत्र सारख्या जाडीची भरावी, कारण एका जागी जरी विरळ राहिली तरी तेथून कोरडी, गरम हवा सरळ आत येते. मधमाशीच्या पोळ्यासारखे कागदी पॅड दोन-तीन हंगाम टिकतात, पण बोअरचे जड पाणी असेल तर त्यांवर क्षारांचा पांढरा थर चढतो. पंप सुरू केल्यावर पाच मिनिटांनी चारही बाजूंची खस हाताने तपासावी (वीज बंद करून), आणि कोरडा पट्टा दिसला तर वरच्या पन्हाळीची भोके तारेने मोकळी करावीत. हे पाच मिनिटांचे काम न केल्यामुळे निम्म्या ताकदीने चालणारे कूलर मी घरोघरी पाहते.

कूलरच्या धक्क्याने विदर्भात दर उन्हाळ्यात माणसे दगावतात. लोखंडी पत्रा, पाणी, ओली फरशी आणि अनवाणी पाय हे सगळे येथे एकत्र येते. कूलरला तीन पिनांचाच प्लग असावा, घराचे अर्थिंग हंगामाच्या आधी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे आणि मुख्य पेटीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्यावा. टाकीत पाणी भरताना बटण बंद करण्यावर थांबू नये, प्लग काढावा. पंपाची वायर कापलेली किंवा चिकटपट्टीने जोडलेली असेल तर ती त्याच दिवशी बदलावी. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून कडा घासाव्यात आणि कोरडी होऊ द्यावी. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि ती टाकीच्या कडांना चिकटलेली असतात, त्यामुळे नुसते पाणी बदलून भागत नाही. काढलेले पाणी झाडांना चालते.

एसी लागणारच असेल तर

आजारी माणूस, रात्रपाळी करून दिवसा झोपणारे, किंवा कूलरला बाहेरची खिडकीच नसलेली खोली, अशी खरी गरज असते. तेव्हा एकच खोली निवडावी, गच्ची आणि पश्चिमेचे काम आधी करून घ्यावे आणि मगच किती टनाचा एसी हवा ते ठरवावे. तापलेल्या स्लॅबखाली जेथे दीड टन लागतो तेथे चुना दिल्यावर कमीत भागू शकते. लेबलवर १६०० तासांसाठीचे वार्षिक युनिट छापलेले असतात. ताऱ्यांच्या संख्येपेक्षा तो आकडा आणि लेबलचे वर्ष पाहावे, कारण ताऱ्यांचे निकष वेळोवेळी कडक होतात.

ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या हिशोबाने तापमान १ अंशाने वर ठेवले तर सुमारे ६ टक्के वीज वाचते, आणि २०२० पासून नवे एसी सुरू होताना २४ अंशांवरच सुरू होतात. २६-२७ अंशांवर ठेवून सोबत पंखा मंद चालवला तर झोप शांत लागते. दाराखालची फट कापडी गुंडाळीने बंद करावी, एसीची जाळी दर पंधरा दिवसांनी धुवावी, बाहेरच्या युनिटवर सावली करावी पण त्याचा वारा अडवू नये. एसी आणि कूलर एकाच खोलीत एकाच वेळी लावू नयेत. कूलरने आणलेली ओल काढण्यातच एसीची वीज जाते.

बिल कसे वाचावे

महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात. टप्पा ओलांडला तर पुढच्या युनिटांनाच वाढीव दर लागतो, सगळ्या बिलाला नाही. त्यामुळे वाचवलेले युनिट नेहमी सर्वांत महाग टप्प्यातले असते, ही आपल्या फायद्याची गोष्ट आहे. उदाहरण घ्यावे: तीन साधे पंखे १८ तास चालून महिन्याला १२० युनिट, कूलर १२ तास चालून ७२, फ्रिज ३५, दिवे-टीव्ही-पाण्याची मोटर मिळून ४०, हे झाले २७० च्या आत. यात रोज ८ युनिट खाणारा एक एसी घातला की आकडा ५०० पार करतो, म्हणजे दोन टप्पे ओलांडले जातात. तीन पंखे बीएलडीसी केले तर ७० हून अधिक युनिट कमी होतात आणि ते सगळे वरच्या टप्प्यातून जातात.

दर रविवारी ठरावीक वेळी मीटरचा आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवावा. एखाद्या आठवड्यात तो अचानक वाढला तर काय बदलले ते तेव्हाच आठवते. बिल येईपर्यंत महिना उलटून गेलेला असतो.

मृगाचा पहिला पाऊस पडून हवेत ओल आली की कूलरचा गारवा एका दिवसात संपतो, आणि तरीही सवयीने तो पुढचे दोन आठवडे पाण्यासह चालू राहतो. त्या दिवशीच पंप बंद करावा. पुढचा कोरडा दिवस बघून टाकी रिकामी करावी, खस काढून टाकावी, पत्र्याला आतून प्रायमरचा हात द्यावा, पंप स्वच्छ पाण्यात पाच मिनिटे चालवून पुसून पिशवीत बांधून ठेवावा. गच्चीच्या पन्हाळीत चुन्याचे पोपडे अडकलेले असतात, तेही त्याच दिवशी काढून घ्यावेत, म्हणजे मोठ्या पावसाचे पाणी गच्चीवर तुंबणार नाही.